जॅझमधले शब्द समजून घ्यायचे असतील तर आधी कोरस मोजायला शिका

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकत आले आहेत आणि आता आवडीनं जॅझ ऐकू लागले आहेत. लेखांमध्ये आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर हेड, कोरस, ब्रिज, चेंजेस, कॉम्पिंग, ट्रेडिंग फोर्स, मोडल, ब्लू नोट असे शब्द सतत भेटतात. त्यांनी एकेकाचा अर्थ शोधून वहीत उतरवला आहे, पण ऐकायला बसलं की त्यातलं काहीच कानाला सापडत नाही. सुरुवात कुठून करावी?

मी डबल बेस वाजवतो. बँडमध्ये बेसवाल्याचं पहिलं काम म्हणजे आपण आत्ता चीजेत नेमके कुठे आहोत याचं भान एक क्षणही न सोडणं. त्यामुळे माझं उत्तरही त्याच बाजूनं येणार. तुमच्या वहीतले बहुतेक शब्द एकाच खुंटीला टांगलेले आहेत आणि ती खुंटी म्हणजे कोरस. ती सापडली नाही तर पन्नास व्याख्या पाठ करूनही उपयोग होत नाही. ती सापडली की निम्मे शब्द समजावून सांगावेच लागत नाहीत.

गाण्याच्या धृपदाला कोरस म्हणतात, तो हा कोरस नव्हे. जॅझमध्ये कोरस म्हणजे पूर्ण चीजेचं एक आवर्तन. ठरलेल्या संख्येचे बार, म्हणजे मात्रांचे छोटे गट, त्यांत ठरलेल्या क्रमानं येणाऱ्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, आणि शेवट आला की थांबायचं नाही, पुन्हा पहिल्या बारवर यायचं. हे चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड फिरत राहतं. वर ट्रम्पेट काहीही करो, चक्र फिरतच असतं.

एक रेकॉर्ड घेऊन बसा. माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ सहज मिळते, म्हणून तीच घेऊ. तिच्यातली पहिली चीज ‘सो व्हॉट’. ती २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाली. वाजवणारे सहा जण: ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, ऑल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडरली, पियानोवर बिल इव्हान्स, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब.

सुरुवातीला पियानो आणि बेसचा एक संथ तुकडा येतो, ज्याला बांधलेली लय नाही. ती इंट्रो. ती सोडून द्या. मग बेस एक ओळ वाजवतो आणि तिला पियानो दोन कॉर्डनी उत्तर देतो. बेस पुन्हा ओळ वाजवतो, पियानो पुन्हा उत्तर देतो. या देवाणघेवाणीला कॉल अँड रिस्पॉन्स म्हणतात. आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधलं गाणं, शेतात काम करतानाची गाणी, ब्लूज, सगळीकडे ही पद्धत आहे आणि जॅझमध्ये ती तिथूनच आली. इथे बेसपासून मोजायला सुरुवात करा. चार मात्रांचा एक बार, असे आठ बार झाले की एक भाग पूर्ण. दुसऱ्या आठ बारमध्ये तेच पुन्हा, फक्त आता उत्तर द्यायला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही आले आहेत. तिसऱ्या आठ बारमध्ये तीच ओळ अर्ध्या स्वरानं वर चढते. चौथ्या आठमध्ये ती मूळ जागी परत येते. पहिले दोन आणि शेवटचा भाग सारखे, तिसरा वेगळा, म्हणून या बांधणीला ए-ए-बी-ए म्हणतात आणि तो वेगळा तिसरा भाग म्हणजे ब्रिज. एकूण ३२ बार, १२८ मात्रा. एवढं सगळं मिळून एक कोरस.

हा पहिला कोरस, ज्यात मूळ धून वाजली, तो हेड. तिथून पुढे सोलो, म्हणजे एकेका वादकाचं ऐनवेळी सुचलेलं वादन. माइल्सचा सोलो सुरू होताना जिमी कॉबची झांज जोरात वाजून घुमत राहते. ती ऐकू आली की पुन्हा एकपासून मोजा. या जागेला टॉप म्हणतात. माइल्स दोन कोरस वाजवतो, कोल्ट्रेन दोन, अ‍ॅडरली दोन, आणि इव्हान्स एक, तोही ट्रम्पेट-सॅक्सोफोन मागून हेडमधलं उत्तर देत असताना. मग बेस हेडवर परततो. जॅझच्या असंख्य चीजांचा आराखडा हाच आहे: हेड, सोलो, पुन्हा हेड.

मोजताना प्रत्येक भागाला एक बोट मिटा. तिसरं बोट मिटताना सूर वर सरकल्यासारखा वाटला तर तुम्ही बरोबर आहात. नाही वाटला तर तसंच ऐकत राहा आणि पुढच्या ब्रिजला पकडा. तो इतका स्पष्ट आहे की हमखास सापडतो. हा खटाटोप फार तर आठवडाभराचा. नंतर बोटं लागत नाहीत, ब्रिज जवळ आला की आपोआप कळतं.

ख्याल ऐकणाऱ्यांनी इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. हेड म्हणजे बंदिश असं पटकन म्हटलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. ख्यालात मुखडा दर आवर्तनाला परत येतो, समेवर आणून सोडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला जागा कळत राहते. जॅझमध्ये हेड एकदा वाजला की शेवटपर्यंत परत येत नाही. शिवाय तबल्यावर ठेका सतत बोलत असतो. खाली आली, सम आली, हे तो सांगतो. जॅझच्या ड्रमरकडे ३२ बारचा असा ठेका नसतो. म्हणून सगळ्यांना ते चक्र मनात धरून ठेवावं लागतं, आणि ऐकणाऱ्यालाही. सोलो वाजवणारा टॉपवर येऊन थांबेलच असंही नाही. उलट चांगला वादक एका भागात सुरू केलेलं वाक्य पुढच्या भागाच्या दोन बार आत नेऊन संपवतो. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्या कानाला हे चुकल्यासारखं वाटतं. ते चुकलेलं नसतं.

मोडल हा शब्द याच रेकॉर्डमुळे सर्वतोमुखी झाला आणि तुमच्यासाठी तो सर्वांत सोपा आहे. ‘सो व्हॉट’मध्ये पहिले सोळा बार पांढरी दोनला सा धरून काफी थाटाचे स्वर. ब्रिजच्या आठ बारमध्ये तोच थाट काळी दोनला सा धरून. शेवटचे आठ परत पांढरी दोन. बस. पाश्चात्त्य भाषेत या स्वरसमूहाला डोरियन मोड म्हणतात. स्वर काफीचे असले तरी चलन, वादी-संवादी, न्यासाचे स्वर असं काहीही इथे बांधील नसतं, त्यामुळे त्यात राग शोधू नका. सोळा बार एकाच स्वरसमूहात राहायला मिळणं ही त्या वादकांसाठी मोठी मोकळीक होती, कारण त्याआधीच्या दीड दशकातल्या बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या शैलीत दर बारला, कधी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत होती.

इथून चेंजेसकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच असते. चेंजेस म्हणजे कोरसमध्ये कुठल्या बारला कुठली कॉर्ड येते तो क्रम. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला जमीन स्थिर लागते. इथे जमीनच सरकते आणि तिच्या सरकण्याला दिशा असते. ही दिशा वाचून समजत नाही. पेटी काढा.

पांढरी एकला सा धरा. पहिली कॉर्ड रे म ध सां. दुसरी प नी रें मं. तिसरी सा ग प नी. एकेक कॉर्ड चार मात्रा धरा. पहिलीत हालचाल सुरू होते, दुसरीत ताण येतो, तिसरीत घरी आल्यासारखं होतं. हा टू-फाइव्ह-वन. नाव सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरून पडलं आहे. स्टँडर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चीजा उलगडल्या तर जागोजागी हाच तुकडा वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये दिसतो.

आता त्यातलं गुपित. पहिल्या कॉर्डमधले दोनच स्वर घ्या, म आणि सां. दुसरी कॉर्ड येताना म तसाच ठेवा आणि सां फक्त अर्ध्या स्वरानं खाली नी वर आणा. तिसरी येताना नी तसाच ठेवा आणि म अर्ध्या स्वरानं खाली ग वर आणा. दोन बोटं, दर वेळी एकच हलतं आणि तेही एका पट्टीनं. तेवढ्यात तिन्ही कॉर्डचा सगळा अर्थ ऐकू येतो. हे गाइड टोन. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना स्केल वाजवायच्या आधी मी हे दोन स्वर गायला लावतो. ज्याला ते गाता येतात त्याला चेंजेस ऐकू येतात आणि ज्याला येत नाहीत तो कितीही वेगानं वाजवला तरी अंदाजानंच वाजवतो, असं माझं ठाम मत आहे.

याच्यापुढची पायरी ट्रायटोन सब्स्टिट्यूशन. नाव भारदस्त आहे, गोष्ट दोन मिनिटांची. मधल्या कॉर्डमधला ताण नी आणि म या जोडीमुळे आहे. आता कोमल रे, म, कोमल ध, नी अशी कॉर्ड दाबून बघा. तिच्यातही नी आणि म आहेतच. म्हणजे प वरच्या कॉर्डच्या जागी ही बसू शकते. ती बसवली की तळाचा स्वर रे, कोमल रे, सा असा सरकत उतरतो. बार पियानोवर ऐकू येणारा तो रात्रीचा, किंचित धुरकट रंग बऱ्याचदा इथून येतो.

चेंजेस आल्या कुठून? पुष्कळशा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकांमधून. तिथली गाणी वादकांनी उचलली आणि वाजवत राहिले, तीच स्टँडर्ड झाली. जॉर्ज गर्श्विनचं १९३० सालचं ‘आय गॉट रिदम’ त्यात खास. त्याच्या चेंजेसवर इतक्या नव्या धुनी बांधल्या गेल्या की त्या क्रमालाच रिदम चेंजेस हे नाव पडलं. टेनर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची ‘ओलिओ’ त्यातलीच. जुन्या चेंजेसवर नवी धून बसवली की तिला कॉन्ट्रॅफॅक्ट म्हणतात. ऑल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची १९४५ सालची ‘को-को’ ही ‘चेरोकी’ नावाच्या गाण्याच्या चेंजेसवर उभी आहे. यामागे कलेइतकाच पैशाचाही हिशेब होता. हक्क धुनीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो. धून आपली असली की मानधनही आपलं.

ब्लूज हा दुसरा मोठा आराखडा आणि तो तर तुम्ही आजच पकडू शकाल. बारा बार, ४८ मात्रा. चार बार सा ची कॉर्ड, दोन बार म ची, दोन बार परत सा, मग एक बार प, एक बार म, आणि शेवटचे दोन सा. जॅझवाले यात भर घालतात, पण पाचव्या बारला म वर जाणं ते सोडत नाहीत. गाण्यात पहिली ओळ चार बारची, दुसऱ्या चार बारमध्ये तीच ओळ पुन्हा, तिसऱ्या चारमध्ये तिचं उत्तर. त्याच ‘काइंड ऑफ ब्लू’वरची दुसरी चीज ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ब्लूज आहे. तिच्यात पियानोवर बिल इव्हान्सऐवजी विंटन केली बसला आहे. दोघांचा हात किती वेगळा आहे हे लागोपाठ ऐकल्यावर लगेच कळतं.

ब्लू नोटविषयी फार ढिलाईनं लिहिलं जातं. कोमल ग म्हणजे ब्लू नोट, असं लिहिलेलं सर्रास दिसतं. तो स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी लागतो, कधी खालून वर ओढत, कधी वरून सोडत. गंधारासारखंच निषाद आणि पंचमाचंही. तुमच्या कानाला श्रुतींची आणि आंदोलनाची सवय आहे, म्हणून हे तुम्हाला पियानो शिकलेल्यांपेक्षा लवकर ऐकू येईल. पण खरी गंमत खालच्या कॉर्डमध्ये आहे. ब्लूजच्या कॉर्डमध्ये शुद्ध ग स्पष्ट वाजत असतो आणि वर गाणारा त्याला घासून आपला उतरलेला ग लावतो. ते घर्षण हाच ब्लूजचा स्वाद. पियानोला मधला स्वर नाही, म्हणून पियानोवाला कोमल ग वरून शुद्ध ग वर बोट घसरवतो किंवा दोन्ही एकदम दाबतो.

आता रिदम सेक्शन, म्हणजे बेस, ड्रम्स आणि पियानो किंवा गिटार. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण नवीन श्रोते सगळं लक्ष सोलोवर ठेवतात आणि मग जॅझ कळत नाही म्हणतात.

वॉकिंग बेस म्हणजे दर मात्रेला एक स्वर, बारमध्ये चार. वरचाच टू-फाइव्ह-वन घ्या. पहिल्या बारला मी रे म ध वाजवतो आणि चौथ्या मात्रेला कोमल ध, म्हणजे पुढच्या बारची पहिली मात्रा प वर अर्ध्या स्वरानं उतरून पडते. तिथून प नी रे, मग कोमल रे, आणि सा. बारचा पहिला स्वर कॉर्ड सांगतो आणि चौथा पुढच्या कॉर्डकडे बोट दाखवतो. श्रोत्याला चेंजेस ऐकू येतात त्या मोठ्या प्रमाणात या चौथ्या स्वरामुळे. हेड चालू असताना बेस बऱ्याचदा बारमध्ये दोनच स्वर ठेवतो. तो टू-फील. सोलो सुरू झाल्यावर तो चारवर जातो आणि अख्खा बँड पुढे सरकल्यासारखा वाटतो, लय तीच असूनही.

ड्रमरच्या उजव्या हाताखालची मोठी झांज म्हणजे राइड. तिच्यावर ‘डिंग, डिंग-गा, डिंग, डिंग-गा’ असं चालू असतं. डाव्या पायाखालची हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटते. टाळी द्यायची असेल तर त्याच दोन मात्रांवर द्या. एक आणि तीनवर दिली तर सगळा डोलारा जड होतो. पूर्वी लय मोठ्या ड्रमवर, पायानं दर मात्रेला दिली जाई. १९४० च्या सुमारास ड्रमर केनी क्लार्कनं ती राइडवर नेली आणि मोकळ्या झालेल्या पायानं मध्येच अनपेक्षित ठोके द्यायला सुरुवात केली. त्यांना बॉम्ब म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये, जिथे बीबॉप घडला, तिथे तो वाजवत असे.

त्या ‘डिंग-गा’मध्येच स्विंग आहे. एका मात्रेत दोन स्वर असतील तर ते सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. मध्यलयीत मात्रेचे तीन भाग करून पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला एक असं प्रमाण जवळपास बसतं. लय वाढली की दोघे जवळ येतात आणि द्रुतलयीत जवळजवळ सारखे होतात. म्हणून तीन भागांचं गणित मांडून स्विंग वाजवता येत नाही. शिवाय प्रत्येक वादकाची जागा वेगळी. डेक्स्टर गॉर्डनसारखा टेनरवाला मात्रेच्या किंचित मागे रेलून वाजवतो, त्याला लेड बॅक म्हणतात. खाली बेस मात्रेवर ठाम, वर सॅक्सोफोन मागे ओढलेला, आणि त्या ताणातून चाल येते. सगळेच मागे रेलले तर लय पडते.

कॉम्पिंग म्हणजे सोलोच्या मागे पियानो किंवा गिटारनं कॉर्ड देणं, पण ठेक्यासारखं नाही. कधी मात्रेवर, बऱ्याचदा मात्रेच्या मधे, आणि कितीतरी वेळ काहीच नाही. मूळ स्वर बेस देतोच आहे, म्हणून पियानोवाला तो गाळतो आणि वरचे रंगाचे स्वर तेवढे ठेवतो. बिल इव्हान्सचा डावा हात यासाठी ऐका. काउंट बेसीच्या बँडमधला गिटारवादक फ्रेडी ग्रीन याच्या अगदी उलट. दर मात्रेला एक हलका झटका, अनेक दशकं. दोन्ही कॉम्पिंगच. पियानोवाला मुद्दाम थांबला आणि सोलोमागे फक्त बेस आणि ड्रम्स उरले तर ते स्ट्रोलिंग. सनी रॉलिन्सनं १९५७ मध्ये पियानोशिवाय तिघांचाच बँड घेऊन रेकॉर्ड केल्या, त्यांत बेसच्या स्वरांवरून चेंजेस ऐकण्याचा सराव फार चांगला होतो.

बाकीचे बरेच शब्द म्हणजे कोरसमधल्या जागा. कोरसचे शेवटचे दोन बार, जिथे कॉर्ड पुन्हा टॉपकडे वळवून आणतात, तो टर्नअराउंड. एक सोलो संपून दुसरा सुरू होतो तोही बहुधा इथेच, म्हणून श्रोत्यांच्या टाळ्याही इथेच पडतात. दोन-चार बारचा छोटा तुकडा खूण मिळेपर्यंत फिरवत ठेवला तर तो व्हॅम्प. सगळे थांबले आणि एकटा वादक दोन-चार बार भरून काढतो तो ब्रेक. चार्ली पार्करचा १९४६ सालचा ‘अ नाइट इन ट्युनिशिया’मधला चार बारचा ब्रेक ऐका. बँड थांबलेला आहे, चक्र थांबलेलं नाही, आणि पार्कर स्वरांचा धबधबा ओतून नेमका टॉपवर उतरतो.

ट्रेडिंग फोर्स म्हणजे चार बार सोलोवाला, चार बार ड्रमर. याला सवाल-जवाब म्हणू शकता, पण इथेही कोरस चालूच असतो. ३२ बारमध्ये आठ पाळ्या, टॉपला नेहमी सोलोवालाच येतो. ब्लूजमध्ये मात्र बारा बारमध्ये तीनच पाळ्या बसतात. म्हणजे पहिल्या कोरसला ड्रमरला मधले चार बार मिळतात आणि दुसऱ्याला पहिले आणि शेवटचे. ड्रमर एकटा वाजवत असताना कॉर्ड कोणीच देत नाही, तरी पाचव्या बारला म ची कॉर्ड तुमच्या मनात ऐकू आली पाहिजे. ती आली की तुम्ही श्रोत्यांच्या बाजूनं बँडमध्ये दाखल झालात.

सोलोच्या भाषेतले शब्द मी भरभर सांगतो. लिक म्हणजे जिभेवर बसलेला छोटा तयार तुकडा. रिफ म्हणजे मागून पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी ओळ, कॅन्सस सिटीच्या बँडची ती खासियत. कोट म्हणजे सोलोत दुसऱ्याच गाण्याची ओळ पेरणं. चेंजेसमधल्या स्वरांतच राहणं ते इनसाइड, मुद्दाम बाहेर जाऊन परत येणं ते आउटसाइड. चॉप्स म्हणजे हाताची तयारी, वुडशेडिंग म्हणजे कोंडून घेऊन केलेला रियाज. लीड शीट म्हणजे एका पानावर धून आणि वर कॉर्डची नावं. अशा पानांची ‘रिअल बुक’ १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये बर्कली संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चोरून तयार केली, ती झेरॉक्स होत होत जगभर गेली आणि तिची अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये निघाली. तिच्यातल्या काही चेंजेस चुकीच्या होत्या आणि अजूनही त्या तशाच वाजवल्या जातात. म्हणून रेकॉर्डवरून कानानं उतरवून घेणं, ज्याला ट्रान्सक्राइब करणं म्हणतात, त्याला पर्याय नाही.

स्कॅट हा शब्द आपल्याकडे जरा जपून वापरावा. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ च्या ‘हीबी जीबीज’नं तो लोकप्रिय केला, एला फिट्झजेराल्डनं शिखरावर नेला. निरर्थक अक्षरं हे त्याचं बाह्य रूप. खरा स्कॅट म्हणजे गळ्यानं चेंजेसवर केलेला सोलो, ऐनवेळी सुचलेला. सी. रामचंद्रांचं १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ हे त्या नादातून आलेलं आहे, पण त्याची अक्षरं ठरलेली आहेत. ते नातं मात्र खरं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी ते वादन जवळून ऐकून आत्मसात केलं. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो शावियेर वाझ, आर्मस्ट्राँगच्या ढंगावर जीव टाकणारा. तो सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता, आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेल्या या गोवेकरांमुळे कॉर्ड, रिफ, ब्रेक हे शब्द आणि त्यामागचं वाजवणं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत पोहोचलं. तुम्ही ते लहानपणापासून ऐकत आलात, फक्त नावं माहीत नव्हती.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलात तर वादकांच्या हातांकडे बघा, कारण तिथे शब्द कमी आणि खुणा जास्त. जॅममध्ये अनोळखी लोक एकत्र वाजवतात, तालीम नसते, म्हणून खुणांवरच काम चालतं. चीज सुरू करण्याआधी कोणी बोटं खाली करून दाखवली तर तितके फ्लॅट (अर्ध्या स्वरानं उतरवलेले स्वर), वर दाखवली तर तितके शार्प (अर्ध्या स्वरानं चढवलेले), म्हणजे पट्टी ठरली. सोलो चालू असताना कोणी चार बोटं वर केली तर पुढच्या टॉपपासून ड्रमरबरोबर ट्रेडिंग फोर्स. कोणी आपल्या डोक्याला हात लावला तर पुढच्या टॉपला हेड, म्हणजे चीज संपवायची आहे. शेवटच्या हेडला हेड आउट म्हणतात. तो संपताना शेवटची ओळ तीनदा वाजवायची पद्धत आहे, तो टॅग. तुम्हाला तिहाईसारखा वाटेल, पण त्यात समेचा हिशेब नसतो, चेंजेसच दोनदा मागे वळतात आणि तिसऱ्यांदा सा वर टेकतात. बेसवाल्याकडे तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं, कारण दुसऱ्या खेपेला मी खाली सा दिला तर तिथेच शेवट झाला.

ऐकायला ‘सो व्हॉट’नंतर ‘फ्रेडी फ्रीलोडर’ घ्या, मग ‘ओलिओ’. तिसऱ्या ठिकाणी लय जलद आहे आणि ब्रिज शोधायला वेळ लागेल. बोटं चालू ठेवा.